बिनपगारी खेळगडी

नागाव आठवड्यातून दोनदा बदलतं. शुक्रवारी संध्याकाळपासून अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मांडव्याला रो-रोतून उतरलेली कुटुंबं ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’ अशा पाट्या शोधत वाड्यांच्या गल्ल्यांत शिरतात. किनाऱ्यावर बनाना राइडवाल्यांचा आरडाओरडा रविवारी अंधार पडेपर्यंत थांबत नाही. सोमवारी दुपारपर्यंत सगळं ओसरतं. चादरी दोरीवर चढतात, पोफळीच्या वाडीत पंप सुरू होतो आणि अष्टागरातलं हे जुनं आगर आपल्या कामाला लागतं.

मी ज्या घरी गेले होते तिथे मंगळवारीही चादरींचाच पसारा होता. पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी, मागे वाडी आणि मधल्या माजघरात घरची माणसं. घरातला मुलगा पनवेलच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एरवी शनिवार-रविवारी येऊन पाहुण्यांचे चहा-पोहे, बिलं आणि गाड्या लावून देणं हे सगळं तो बघतो. आता परीक्षा आटोपल्यामुळे घरीच होता. ‘नाव छापू नका ताई, कॉलेजात पोरं जीव खातील,’ एवढी एकच अट त्याने घातली.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘बिनपगारी, फुल अधिकारी’. गणेश मंडळाचे कार्यकर्ते, गावच्या ग्रंथालयाचे चिटणीस, हौशी नाटकवाले हे विषय आधीच वाटले गेले होते. माझ्या वाट्याला एक ओळ आली: ‘ऑनलाइन गेम फुकट बनवून देणारी पोरं असतात म्हणे. कशासाठी बनवतात आणि कशाने टिकतात, बघून ये.’

घरच्यांना हा प्रश्न माझ्याआधीच पडलेला होता. रात्री अकरा वाजता पोरगा लॅपटॉप उघडून बसतो आणि ‘ऑनलाइन गेमचं काम आहे’ म्हणतो, म्हटल्यावर कुठल्याही बापाच्या डोळ्यांसमोर आधी रमीच येणार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला, तेव्हा वडिलांनी ती बातमी त्याच्यासमोर मोठ्याने वाचली होती. आपण ज्या खेळाच्या नादी लागलोय त्यात पैशाचा संबंध नाही आणि रात्री आपण जे करतो ते खेळणंही नाही, हे घरच्यांना पटवायला त्याला बरेच दिवस लागले.

जाहिरात नसलेला पट

खेळ साधा, बुद्धिबळाचा. आजोबांनी लाकडी पटावर शिकवलेला. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तो शाळेत होता. वाडीतले माड-पोफळी आडवे झाले आणि वीज यायला कितीतरी दिवस लागले. वीज आली, पण शाळा टाळेबंदीत बंदच होती. मग मोबाइलवर लीचेस हे बुद्धिबळाचं ॲप उतरवलं गेलं आणि आजोबांखेरीज आणखी कोणाशी तरी खेळता येतं हे कळलं.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला बुद्धिबळाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना झाला. त्यात नागपूरच्या दिव्या देशमुख आणि केरळच्या निहाल सरीन यांचं इंटरनेट ऐन डावात तुटलं आणि वेळ संपून दोघांचे डाव गेले. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. भारताने दाद मागितली आणि शेवटी भारत व रशिया यांना संयुक्त सुवर्णपदक मिळालं. ही हकीकत मुलाला तोंडपाठ आहे. दिव्याने २०२५ च्या जुलैमध्ये बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याहीपेक्षा हा तुटलेल्या इंटरनेटचा किस्सा त्याला जवळचा वाटतो. नागावात राहणाऱ्याला वाटणारच.

लीचेस थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलं. तिथे जाहिरात नाही. पैसे भरणाऱ्याला जास्तीची सोय आणि न भरणाऱ्याला अपुरी, असा भेदही नाही. देणगी देणाऱ्याच्या नावापुढे पंखाचं छोटं चिन्ह उमटतं, बस्स. संस्था फ्रान्समध्ये ना-नफा म्हणून नोंदलेली आहे आणि तिचा खर्च कोणालाही वाचता येईल असा उघडा ठेवला जातो. सगळेच फुकट राबतात असंही नाही. देणग्यांतून मोजक्या माणसांना पगार मिळतो. पण त्यांच्याभोवती बिनपगारी माणसांचं मोठं वर्तुळ आहे. सोंगट्यांची नवी रूपं काढणारे चित्रकार त्यात आहेत, भांडणं सोडवणारे आणि फसवणूक पकडणारे आहेत, शंभराहून जास्त भाषांत (त्यात मराठीही) शब्द बसवणारे आहेत आणि मूळ प्रोग्राम दुरुस्त करणारेही.

काहीजण तर नुसता आपला कॉम्प्युटर देतात. डाव संपल्यावर ‘कुठे चुकलं ते दाखव’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या विश्लेषणाचं ओझं सगळं लीचेसच्या सर्व्हरवर पडत नाही. फिशनेट नावाची यंत्रणा ते जगभरातल्या स्वयंसेवकांच्या यंत्रांवर वाटते. नागावच्या पोराने वजीर कुठे घालवला याचा हिशेब कोणा अनोळखी माणसाच्या घरातलं यंत्र करत असतं. त्या माणसाला ना नागाव ठाऊक, ना पोरगा.

आजी पाटावर सुपारी कातरत हे ऐकत होत्या. ‘म्हणजे सावडच की,’ त्या म्हणाल्या. लावणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मला ते पटलं आणि थोडं खटकलंही. सावडीला आलेला माणूस समोर दिसतो. त्याच्या पुढ्यात भाकरी वाढता येते आणि तो आला नाही तर का आला नाही हे गावाला कळतं. इथे येणारा दिसत नाही आणि न येणाराही दिसत नाही. माणूस गळला तरी गळल्याची खूण राहत नाही. त्याला टिकवायचं कसं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

तीन ओळी आणि एक वेलांटी

मुलाने मला त्याचे दोन प्रयत्न दाखवले. दोन्ही प्रकल्प छोटे आहेत, म्हणून नावं गाळते.

पहिला एका फुकट, उघड्या (म्हणजे मूळ कोड कोणालाही वाचता-बदलता येईल अशा) प्रोग्रामवर चालणाऱ्या शेतीच्या खेळाचा. खेळात मराठी निवडली की मेनूतल्या शब्दांच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जात. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर एवढी जागा लागत नाही, त्यामुळे ओळीची उंची बेताची धरली होती. त्याने कारण शोधलं, दुरुस्ती केली आणि पाठवली. या बिरादरीत तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. बोलताना नुसतं पीआर. त्यावर कोणी काही बोललं नाही. आठवडा गेला, महिना गेला. त्याने नम्रपणे एकदा आठवण केली, तरी शांतताच. चार महिन्यांनी एका स्वयंचलित बॉटने ‘बरेच दिवस हालचाल नाही’ असं कळवून पीआर बंद केला.

‘नाही म्हणाले असते तरी चाललं असतं,’ तो म्हणाला. ‘निदान कोणीतरी वाचलं असं तरी कळलं असतं.’

दुसरा प्रयत्न बुद्धिबळाच्या कोड्यांच्या एका ॲपवर. रोग तोच, इलाजही तोच. पण इथे पाठवल्यावर रात्रीतच उत्तर आलं. त्याने ते पडद्यावर उघडून दाखवलं. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्पाचं दार सांभाळणाऱ्या माणसाने, आधी एका वाक्यात आभार मानले होते: नेमकी जागा सापडली, छान. मग दोन हरकती होत्या. एक, ही उंची सगळ्याच भाषांना लागू होतेय, ती देवनागरीपुरती ठेव. दोन, अरुंद पडद्याच्या फोनवर बटण दोन ओळींत तुटतं का ते बघ आणि आधीचं व नंतरचं अशी दोन्ही चित्रं जोड. खाली एक दुवा होता, देवनागरीपुरती अट कशी लिहायची ते दाखवणारा.

मुलाने आजीचा जुना, लहान पडद्याचा फोन मागून घेतला आणि बटण खरंच तुटत होतं. त्याने ते सावरलं. पुन्हा पाठवल्यावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांपैकी एक लाल झाली, कारण ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली होती. ती काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत डासांची कॉइल लावत असताना फोन वाजला: पीआर मर्ज झाला, म्हणजे मूळ प्रोग्राममध्ये सामावला गेला. पुढची आवृत्ती आली तेव्हा बदलांच्या यादीत त्याचं नाव होतं. एकूण तीन ओळींचा बदल.

या दोन प्रयत्नांत कामाचा दर्जा सारखाच होता. दुसरीकडे तर त्याला जास्त हरकती सोसाव्या लागल्या. तरी तो दुसऱ्या प्रकल्पात टिकला. पहिल्याकडे पुन्हा फिरकला नाही.

हा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देता येत नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आपल्याकडे नव्याने येणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हेच दिसलं. पहिल्या कामावर ४८ तासांच्या आत अभिप्राय मिळालेले लोक परत येण्याचं प्रमाण फारच मोठं होतं आणि सात दिवसांहून जास्त थांबावं लागलेले जवळपास कोणीच परत येत नव्हते. उत्तर लवकर यावं, ते माणसाचं असावं आणि त्यात कामाकडे नीट पाहिल्याची खूण असावी. यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा दुर्मीळ प्रोत्साहन मला तरी सापडलं नाही.

पडणाऱ्यांचा आखाडा

बुद्धिबळाच्याच जगात एक जागा अशी आहे जिथे बहुतेकांचं काम नाकारलं जातं आणि तरी माणसं वर्षानुवर्षं येत राहतात. स्टॉकफिश हे जगातलं सगळ्यात बलवान बुद्धिबळाचं इंजिन समजलं जातं; लीचेसवरचं विश्लेषणही तेच करतं. टूर्ड रोमस्टाड या नॉर्वेजियन प्रोग्रामरच्या ग्लाउरुंग इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्ताल्बाने ते २००८ मध्ये काढलं, फिनलंडचा योना कीस्की सोबत होता. तिघांच्या हातातलं हे काम पुढे शेकडो हातांत गेलं, ते एका यंत्रणेमुळे.

२०१३ मध्ये गॅरी लिन्सकॉटने फिशटेस्ट तयार केलं. त्याआधी मोठी पंचाईत ही होती, की इंजिनात बदल केला तर तो चांगला की वाईट हे कोणाच्याच मतावर ठरवता येत नव्हतं. एखादी युक्ती कितीही हुशार वाटली तरी तिचा फायदा इतका बारीक असतो, की हजारो डाव खेळून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही आणि एवढे डाव घरच्या कॉम्प्युटरवर खेळवायला आठवडे लागतील. फिशटेस्टने हे ओझं वाटून टाकलं. कोणीही स्वयंसेवक आपल्या यंत्रावर छोटा प्रोग्राम चालू ठेवतो. तो मध्यवर्ती यादीतून काम उचलतो, जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी खेळवतो आणि निकाल परत पाठवतो. आधी झटपट डाव होतात: दोन्ही बाजूंना दहा सेकंद आणि दर चालीला एक दशांश सेकंद वाढ. त्यात टिकलेला बदल साठ सेकंदांच्या डावांत जातो. पुरावा पुरेसा झाला की संख्याशास्त्राच्या नियमाने चाचणी आपोआप थांबते. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, स्टॉकफिशने इंजिनांची प्रतिष्ठेची टीसीईसी स्पर्धा जिंकली.

मला यात जास्त रस वाटला तो माणसांच्या बाजूने. फिशटेस्टची पाटी सगळ्यांसमोर उघडी असते आणि तिच्यावर नापासाचा लाल रंगच जास्त दिसतो. बहुतेक कल्पना पडतात. जुन्या, नावाजलेल्या लोकांच्याही पडतात. त्यामुळे पडण्याची लाज उरत नाही. निकाल कोणा अध्यक्षाच्या मर्जीवर नसतो, म्हणून रुसायला जागा नसते. नव्या पोराला कोणाची ओळख काढावी लागत नाही. आणि ज्याला एक ओळही लिहिता येत नाही तोही रिकामा कॉम्प्युटर देऊन उपयोगी पडतो. कोणी किती डाव चालवले याची नोंद त्याच्या नावापुढे राहते. कोणाला केवढं काम झेपेल याच्या इतक्या पायऱ्या असल्या, की ज्याला त्याला आपली पायरी सापडते.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरोने स्टॉकफिशला शंभर डावांच्या सामन्यात हरवलं, २८ विजय आणि ७२ बरोबरी. एका कंपनीच्या प्रचंड यंत्रांनी हौशी लोकांना धुऊन काढल्याची ती बातमी होती. अल्फाझीरो कोणाला हाताळायला मिळालं नाही. पण त्याची पद्धत छापून आली होती, म्हणून स्वयंसेवकांनी २०१८ मध्ये ती लीला चेस झीरो या नावाने स्वतः उभी केली, पुन्हा हजारो घरच्या यंत्रांच्या जोरावर. २०२० मध्ये स्टॉकफिशनेही न्यूरल नेटवर्क आत घेतलं. त्यातली मूळ कल्पना यू नासू या जपानी प्रोग्रामरने शोगी या तिकडच्या खेळासाठी काढलेली.

आणि या मंडळींना अभिमानही असतो. चेसबेस या जर्मन कंपनीने आमचं काम मूळ परवान्याच्या अटी न पाळता विकलं, असा आरोप करत स्टॉकफिशच्या लोकांनी २०२१ मध्ये कोर्टात धाव घेतली. २०२२ च्या नोव्हेंबरात समेट झाला. हे कोणाचं काम आहे ते उघडपणे सांगा आणि परवान्याच्या अटी पाळा, यावर त्यांचा भर होता. फुकट देणारा माणूस नावावर पाणी सोडतो असं समजू नये.

टी-शर्टांचा पूर

उत्तेजन द्यायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवण बक्षिसाची होते. त्याचं काय होतं, हे २०२० च्या ऑक्टोबरने दाखवलं. हॅक्टोबरफेस्ट हा दरवर्षीचा उपक्रम. तेव्हाचा नियम असा: उघड्या प्रकल्पांना महिनाभरात चार पीआर पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. त्या वर्षी भारतात एका लोकप्रिय व्हिडिओमुळे हे विद्यार्थ्यांत वणव्यासारखं पसरलं. माहितीपत्रकात ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढे दोन शब्द घालून शेकडो प्रकल्पांवर पीआर येऊन आदळले. मेंटेनरांनी डोकं धरलं. नियम तातडीने बदलून ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिलाय तिथलेच पीआर धरायचे असं ठरलं.

त्या पोरांना हसणं सोपं आहे. मला त्यांचा राग आला नाही. प्लेसमेंटच्या मुलाखतीत ‘गिटहब दाखव’ (म्हणजे उघड्या कोडच्या त्या साइटवर काय केलंस ते दाखव) म्हणणारी व्यवस्था आणि चार म्हणजे टी-शर्ट हा हिशेब समोर ठेवल्यावर पोरं चारच मोजणार. संख्या मागितली, संख्या मिळाली.

मानसशास्त्रात हे जुनं आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये छापलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना सोमा घनाची कोडी सोडवायला दिली होती. एका गटाला मध्यंतरी प्रत्येक कोड्यामागे डॉलर मिळाला. पैसे थांबल्यावर त्या गटातली मुलं मोकळ्या वेळात कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. खेळ होता तो रोजगार झाला, आणि रोजगार बंद पडला.

मात्र यावरून कौतुक निरुपयोगी ठरत नाही. विकिपीडियावर संपादक एकमेकांना ‘बार्नस्टार’ नावाचं शाबासकीचं चिन्ह देतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सगळ्यात जास्त राबणाऱ्या संपादकांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काहींना ते देण्यात आलं. न मिळालेल्यांच्या मानाने त्यांचं काम साठ टक्क्यांनी वाढलं. जर्मन विकिपीडियावर याना गालुस यांनी नवख्यांना असाच बिनपैशाचा मान दिला, तर पुढच्या महिन्यात टिकणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांनी वाढलं. टी-शर्ट काम होण्याआधी कबूल केलेला असतो, हे चिन्ह काम झाल्यावर, काम पाहून कोणीतरी देतं. फरक तिथे पडतो.

पैसा मुळीच नको असंही म्हणता येणार नाही. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून नवख्यांना उघड्या प्रकल्पांवर काम करायला मानधन देतो आणि आपल्याकडची मुलं त्यात मोठ्या संख्येने असतात. तिथे मानधनाला एक मेंटॉर जोडलेला असतो. नागपुरात सुरू झालेल्या गर्लस्क्रिप्ट या संस्थेनेही विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी उपक्रम उभा केला. घरची तीन खोल्यांची लॉज चालवून शिकणाऱ्या पोराला मानधनाचं मोल कोणी शिकवायला नको. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘पैसे मिळाले तर घेईन की. पण मग त्यात मला शिकवणारं कोणी असेल का, ते आधी विचारीन.’

खैराटची कळ

शिकवणाऱ्याचा हा प्रश्न जुना आहे. याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जत तालुक्यात, खैराट नावाची वस्ती आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये तिथल्या धनगरवाड्यावरच्या छोट्या मराठी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपवर शुगर नावाची प्रणाली होती; तिच्यातले खेळ आणि उपक्रम जगभरातल्या लोकांनी लिहिलेले. पुढे २००८ मध्ये शुगर लॅब्ज ही स्वयंसेवकांची वेगळी संस्था झाली आणि ती आजही चालू आहे.

त्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर एक कळ होती, जी मला सगळ्या मोहिमेतली सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते. ती दाबली की समोरच्या खेळामागचा प्रोग्राम उघडा पडावा, अशी योजना होती. चौथीच्या पोराने खेळता खेळता खेळाचं पोट उघडून बघावं. खेळणारा आणि बनवणारा यांच्यातली भिंत एका बोटाने पडावी.

कल्पना म्हणून ती अजूनही ताजी आहे. पण कळ दाबल्यावर जे दिसतं ते पायथॉनमधलं, इंग्रजी शब्दांचं रान. त्यात बोट धरून नेणारं कोणी नसेल, तर पोरगं कळ सोडून पुन्हा खेळाकडे वळणार. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनी त्या शाळेशी नातं जोडलं, ते याच कारणाने महत्त्वाचं. मराठी संगणकाची सगळी कहाणीच अशी माणसांनी माणसांशी जोडलेली आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरलेल्या ग्नूनिफायसारख्या मेळ्यांत पोरं-पोरी पहिल्यांदा अशा प्रकल्पांना भिडली. एका टेबलाभोवती बसून मेनूतले मराठी शब्द ठरवणारी माणसं तिथेच एकमेकांना भेटली. उघडा कोड पुरेसा असता, तर मेळ्यांची गरजच पडली नसती.

दार सांभाळणारे

या सगळ्यात ज्याबद्दल कोणी बोलत नाही, ते बाकी आहे. चटकन उत्तर द्यायचं कोणी?

मेंटेनरही बहुतेक बिनपगारीच असतो. दिवसाची नोकरी, घर, मुलं आणि रात्री उघडलेल्या पानावर वीस पीआर. नवख्याचा तीन ओळींचा बदल नीट वाचून, समजावून, दुरुस्त करून घ्यायला त्याला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात तो स्वतः ते करून मोकळा होईल. तरी जो समजावतो तो त्या तीन ओळींसाठी नव्हे, पुढच्या माणसासाठी वेळ खर्च करत असतो. नादिया एग्बाल यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलंय: उघड्या प्रकल्पांत कोडची टंचाई नसते, टंचाई असते ती मेंटेनरच्या लक्षाची. नागावच्या पोराला ज्यांनी उत्तर दिलं नाही ते उद्दाम असतील असं मी धरून चालत नाही. कदाचित तो खेळ एकाच माणसाच्या जिवावर चालला असेल आणि तो माणूस दमला असेल.

दमलेल्या माणसाला एकटं सोडलं तर काय होतं, हे २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. प्रकरण खेळाचं नव्हतं. एक्सझेड या अगदी बारीक पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामचा एकच मेंटेनर थकला होता. ‘काम पुढे का जात नाही’ म्हणून त्याच्यावर दबाव येत राहिला. त्याच वेळी ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं शांतपणे, नेमाने मदत करत विश्वास कमावला आणि शेवटी त्यात चोरवाट बसवली. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एक काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होताना दिसलं आणि त्याने मूळ शोधलं, म्हणून अनर्थ टळला. आदर्श स्वयंसेवक कसा असावा असं विचारलं असतं, तर त्या महिन्यापर्यंत जिया टॅनकडे बोट दाखवता आलं असतं. तेव्हा नवख्याला आत घ्या, पण किल्ल्या टप्प्याटप्प्याने द्या. आणि जुन्याला रजा घेता येईल अशी सोय ठेवा.

चांगले प्रकल्प ती सोय कशी ठेवतात, हे मुलाने मला कोड्यांच्या त्या ॲपवरच दाखवलं. नवख्याला जमतील अशी कामं वेगळ्या खुणेने बाजूला काढून ठेवलेली असतात. अनुभवी लोक ती मुद्दाम करत नाहीत, मोह झाला तरी. यंत्र कसं लावायचं याची कृती लिहिलेली असते आणि तिच्यात अडलेला प्रत्येक नवखा आपण कुठे अडलो ते तिथेच भरतो, म्हणजे पुढचा तिथे अडत नाही. मोकळ्या जागा, अल्पविराम अशा बारीकसारीक चुका यंत्र पकडतं, म्हणजे त्या दाखवून देण्याचा वाईटपणा माणसाकडे येत नाही. आणि उत्तर देण्याची पाळी वाटलेली असते. नकार द्यायचा तर कारणासकट, आणि ‘याऐवजी हे करून बघ’ असं शेवटी जोडून.

या उन्हाळ्यापासून त्या पाळीत नागावच्या मुलाचंही नाव आहे. आठवड्यातले दोन दिवस, तेही शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा खोल्या भरलेल्या असतात. कोड आत घ्यायचा अधिकार त्याला अजून नाही. नव्याने आलेला पीआर वाचायचा, दिसेल ते विचारायचं आणि ‘आम्ही पाहतोय’ एवढं त्याच दिवशी कळवायचं. आतापर्यंत आलेल्यांत निम्मे भलतंच काहीतरी पाठवतात, असं तो सांगत होता. अलीकडे तर एआयकडून लिहून घेतलेले, पाठवणाऱ्यानेही न वाचलेले पीआर येऊ लागलेत. त्यांनाही उत्तर द्यावं लागतं का, असं मी विचारलं. ‘एकदा,’ तो म्हणाला. ‘हे तू चालवून पाहिलंस का, एवढंच विचारायचं. ज्याने खरंच पाहिलं असेल तो परत लिहितो.’

वडील बाजूला बसून पाहुण्यांच्या नोंदवहीत आकडे मांडत होते. त्यांचा व्यवहारी प्रश्न होता: याला नोकरी लागली, लग्न झालं, मग हे फुकटचं कोण करणार? मुलगा म्हणाला, ‘मी नाही करणार बहुतेक. म्हणून तर आत्ता दोघांना शिकवतोय.’

वडिलांना ते पूर्ण पटल्यासारखं दिसलं नाही. मला मात्र संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळालं. ही पोरं आयुष्यभर टिकावीत अशी अपेक्षाच चुकीची आहे. ती काही वर्षं येतात आणि जातात. जगाची रीत आहे. जाण्याआधी प्रत्येकाने आणखी दोघांचं पहिलं काम नीट वाचून दिलं, तर खेळ चालू राहतो. त्यासाठी निधी लागत नाही, समारंभ लागत नाही. कोणालातरी रोज अर्धा तास बसून उत्तरं द्यावी लागतात, आणि ज्या दिवशी त्याला जमणार नाही त्या दिवशी ती द्यायला दुसरं कोणी तयार असावं लागतं.